आधी पहिली, मग दुसरी!

२०२५ सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्राला एकाएकी पहिलीच्या वर्गाची आठवण झाली. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीने शिकवावी. ओरड झाली. १७ जूनला दुसरा निर्णय निघाला. त्यात सक्ती गेली आणि 'सर्वसाधारणपणे' हा तिचा धाकटा भाऊ आला. पुन्हा ओरड झाली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. ५ जुलैला वरळीला विजयाचा मेळावा भरला आणि वीस वर्षे एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन चुलतभाऊ एका व्यासपीठावर आले. सहा वर्षांच्या पोरांनी राज्याचे राजकारण असे हलवल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी ऐकिवात नाही!

त्या गदारोळात एक मुद्दा मला मनापासून पटला. पहिलीतल्या मुलाच्या डोक्यावर तीन-तीन भाषा लादू नका, असे लोक म्हणत होते. अगदी रास्त! पण वाचकहो, तिनांतून एक गेली म्हणजे दोन उरतात. या उरलेल्या दुसरीबद्दल कोणी चकार शब्द काढला काय? मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. तेव्हा काही शिक्षणतज्ज्ञांनी आक्षेप घेतले; पण रस्ते भरून वाहिले नाहीत, कुठे विजयाचे मेळावे झाले नाहीत. हिंदीविरुद्ध घसा कोरडा करून घरी परतलेल्या कित्येकांच्या दारात त्यांचे साडेतीन वर्षांचे बाळ 'ट्विंकल ट्विंकल' म्हणत उभे होते, आणि ते पाहून बापाला धन्य धन्य वाटत होते.

तेव्हा आजचा माझा वाद हिंदीशी नाही, इंग्रजीशीही नाही. माझा वाद घाईशी आहे.

मी कोण, हे आधी सांगते. मी मॅट्रिक, आजच्या बोलीत दहावी पास. दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, पण पोट भरते ते कोपरखैरण्यातल्या एका शाळेच्या बालवाडीत शिकवून. संध्याकाळी त्याच मुलांच्या थोरल्या भावंडांचा अभ्यास घेते. माझ्याहून चार बुके अधिक शिकलेली मंडळी विचारतील, 'बाई, तुम्हाला शिक्षणशास्त्र काय कळते?' शिक्षणशास्त्र मला कळत नसेल; पण वीस वर्षे दररोज सकाळी पंचवीस-तीस मुले माझ्यापुढे पेन्सिल धरून बसतात, आणि ती पेन्सिल कोणत्या वयात कशी धरली जाते हे मी पाहिलेले आहे. शासन निर्णय लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते पाहिले आहे, हे त्यांनी आपल्या मनाला विचारावे.

माझे म्हणणे एवढेच, की शाळेच्या प्रत्येक टप्प्याचे स्वतःचे असे एक काम असते. ते त्या टप्प्यावर झाले नाही, तर पुढचा टप्पा ते करीत नाही. चौथीचे गुरुजी मुलाला वाचायला शिकवत नाहीत. ते येतेच आहे असे धरून चालतात. आठवीच्या बाई भागाकार शिकवत नाहीत; तो येतो असे धरून बीजगणित फळ्यावर मांडतात. मागे राहिलेले काम असे कोणाच्याच वाट्याला येत नाही. ते मुलाच्या पाठीवर राहते. आणि आपण मात्र प्रत्येक टप्प्याला पुढच्या टप्प्याचे काम सांगतो! बालवाडीला पहिलीचे, पहिलीला तिसरीचे, सहावीला अकरावीचे. सगळे पुढे धावतात आणि कोणीच कुठे पोचत नाही.

टप्पे ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते स्वच्छ मांडले आहेत. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी मिळून पाच वर्षांचा एक पायाभूत टप्पा. मग तिसरी ते पाचवी. मग सहावी ते आठवी. मग नववी ते बारावी. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, हेही त्यात आहे. कागद चांगला आहे. म्हणून त्याच टप्प्यांनी आपण चढू आणि कुठे काय चालते ते पाहू.

पहिला टप्पा बालवाडीचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे काम काय? बोलणे, ऐकणे आणि हाताने करणे. मातीचे गोळे वळावेत, मणी ओवावेत, मटार सोलावेत, कागद फाडून चिकटवावा. पन्नास गोष्टी ऐकाव्यात आणि त्यांतली एक मोडकीतोडकी का होईना, स्वतः सांगावी. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडेसुद्धा पुरती तयार झालेली नसतात. त्या मनगटाला आपण चार रेघांच्या वहीत अक्षरे बसवायला लावतो. आणि तीन वर्षे हा छळ पुरा झाला, की त्याला काळा झगा नि चौकोनी टोपी घालून पदवीदान समारंभ करतो. बी.ए. झालेल्याला नोकरी नाही, पण बालवाडी झालेल्याला झगा आहे!

हे मी नवीन सांगते आहे असे नाही. याच समुद्रकिनाऱ्याने वर गेले, की पालघर जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड लागतात. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडीचे काम मांडले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले, आणि अनुताई वाघांनी आयुष्यभर सांभाळले. माँटेसोरीबाईंची महागडी साधने तिथे कोण आणणार? त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने घेतली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच मुलाच्या अंगणात नेली. सबंध देशाला वाट दाखवणारे हे काम महाराष्ट्रात झाले. त्याच महाराष्ट्रात आज आई-बाप मला विचारतात, 'बाई, एबीसीडी कधी सुरू करणार?'

दुसरी पायरी पहिली-दुसरीची. इथे कामे दोनच. वाचता येणे आणि मोजता येणे. दोनच! पण ती पक्की. निपुण भारत नावाची मोहीम केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत काढली; तिचा हेतू हाच, की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत. स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी हे ध्येय ठेवावे लागले, यातच सगळे आले. २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी साधारण चारांत एक निघाली. उरलेल्या तिघांना आपण पहिलीपासून दुसरी भाषा शिकवली आहे, आणि तिसरी शिकवायला निघालो होतो.

याच टप्प्याची एक गंमत आठवते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर हसू उसळले. विधानसभेत थट्टा झाली, घराघरांत विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जुनी नावे काढून टाकलेली नाहीत; अवघड जोडाक्षरांनी मूल अडते, म्हणून ही एक जादा वाट दिली आहे. पण ऐकतो कोण!

मी हसले नाही. 'सत्तावीस' म्हटले की ऐकू येतो आधी सात, आणि लिहायचा असतो आधी दोन. माझ्या संध्याकाळच्या मुलांपैकी निम्मी ७२ लिहून मोकळी होतात. 'एकोणतीस' तर आणखी मजेचा. त्या नावात तीस आहे आणि लिहिताना तिनाचा पत्ताच नाही! आमच्या शेजारचे कानडी 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस-एकच. तमिळ आणि तेलुगू मुलेही तसेच म्हणतात. त्यांची गणिते बुडाल्याचे ऐकिवात नाही. मला दोन्ही वाचने चालतात. मुद्दा तो नव्हे. सात वर्षांच्या मुलाला काय पेलते, हा प्रश्न त्या बाईंनी विचारला होता; आणि पेलण्याबद्दल विचारणाऱ्यालाच आपण वेड्यात काढले. मुलाला कोणी काही विचारलेच नाही.

तिसरी पायरी तिसरी ते पाचवी. वाचायला आले, आता वाचून शिकायचे. आणि शिकायचे काय? तर पायाखालचे जग. आमच्या नवी मुंबईचेच घ्या. ठाण्याच्या खाडीवर दरवर्षी हजारोंनी रोहित पक्षी उतरतात. खाडीचा तो भाग २०१५ साली अभयारण्य झाला. भरती-ओहोटी, खारफुटी, मिठागरे, जुने कोळीवाडे हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि आमच्या मुलांना पाठ असते इग्लूचे चित्र! खाडीला भरती दिवसातून दोनदा येते, हे घणसोलीच्या कोळणीच्या नातवाला ठाऊक आहे. पण वर्गात ते कोणी विचारत नाही, म्हणून तो स्वतःला ढ समजतो. घरी 'मावरं' म्हणणारे मूल वर्गात 'मावरं' म्हणाले की मुले हसतात. 'फिश' म्हणाले की टाळ्या! सातारा-सांगलीची, सोलापूर-कलबुर्गीकडची, लमाणी बोलणारी, आगरी बोलणारी अशी सगळी माझ्या वर्गात आहेत. त्यांची जीभ आधी सैल करावी, मग तिच्यावर पुस्तकी मराठी चढवावी. उलटे केले तर ती जीभ मुकी होते.

दिवाळी आहे म्हणून किल्ल्याचे उदाहरण देते. मुले चार दिवस चिखलात हात घालून जो किल्ला बांधतात, तो या टप्प्याचा अख्खा अभ्यासक्रम आहे. माती किती, पाणी किती, बुरूज का ढासळला, तटाला उतार किती द्यावा, अळीव पेरले तर किती दिवसांत उगवेल, मावळा कुठे नि तोफ कुठे. गणित, विज्ञान, इतिहास आणि शेजारच्या बंड्याशी भांडून पुन्हा बोलणे! पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या मुलांनी चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास वाचला, तो अशा चिखलाच्या हातांनी. आज आमच्या सोसायट्यांत फरशी खराब होते म्हणून मातीला बंदी, आणि दुकानात प्लास्टरचा तयार किल्ला विकत. बेलापूरला खऱ्या किल्ल्याचे अवशेष उभे आहेत; तिथे मुलांना घेऊन जायला मात्र कोणाला सवड नाही, कारण सुट्टीतही शिकवणी असते.

चौथी पायरी सहावी ते आठवी. इथे मूल 'का?' विचारू लागते, आणि इथेच त्याला जगाचे व्यवहार शिकवावेत. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, जुजबी इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे पाठ एवढे प्राथमिक शाळेत असावे, असे त्यांनी मागितले. हिशेब आणि शेती का? कारण सावकाराचा आणि सरकारचा कागद शेतकऱ्याच्या पोराला वाचता आला पाहिजे.

हे जुने झाले म्हणाल, तर नवी मुंबईत या. ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर वसले. सिडकोची स्थापना १९७० ची. पुढे लढ्यानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून पुन्हा सामाजिक सुविधांसाठी कपात. हे गणित सातवीचे आहे! ज्यांना ते येत होते ते दलाल झाले, आणि ज्यांना येत नव्हते त्यांनी अंगठे उठवले. त्यांची नातवंडे आज शेकडेवारी शिकतात, ती कुठल्याशा दुकानदाराच्या नफा-तोट्याची. आजोबांचा सातबारा एकदा तरी वर्गात आणून वाचला, तर मूल शेकडेवारी जन्मात विसरणार नाही. वीजबिल, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, औषधाच्या पाकिटावरची तारीख ही या टप्प्याची पाठ्यपुस्तके आहेत. आणि हो, पाचवीपासून हिंदी आणि भक्कम इंग्रजी याच वयात! आता मूल एका भाषेत पक्के आहे. ते दुसरी झपाट्याने उचलते.

पण सहावीच्या मुलांचे इथे काय चालले आहे? 'फाउंडेशन'! आयआयटीच्या परीक्षेची शिकवणी, आणि तिचे नाव पाया. सहाव्या मजल्यावर पाया घालणारे हे अजब गवंडी! खाडी बुजवून बांधलेल्या शहरात राहणाऱ्या माणसांना तरी पाया कुठे घालतात हे कळायला हवे.

शेवटचा टप्पा नववीपासूनचा. त्याचे काम निवड. आपल्याला काय जमते, काय आवडते, कोणत्या कामाने पोट भरेल हे ओळखणे. पण निवड करायला आधी चार गोष्टी हाताळलेल्या असाव्या लागतात. सुतारकाम नाही, स्वयंपाक नाही, तारा जोडणे नाही, नाटक नाही. फक्त टक्के आहेत. मग निवड कशाची करणार? टक्क्यांची यादी निवड करते आणि मूल तिच्या मागे जाते.

आता माझ्यावर येणारा दगड मला दिसतो आहे. 'बाई, इंग्रजी ही भाकरी आहे. तुम्ही गरिबाच्या पोराची भाकरी काढून घेता.' हा दगड झेलायलाच हवा, कारण तो मारणाऱ्यांत लबाड आहेत तसेच खरोखर पोळलेलेही आहेत. वाशीच्या बाजारात पोती वाहणारा एक बाप मला म्हणाला, 'बाई, आमचं गेलं वझी उचलण्यात. पोरानं तरी साहेबासारखं बोलावं.' त्याचे काय खोटे आहे? त्याने मान मोडून कमावलेले पैसे एका इंग्रजी शाळेत भरले. त्याचा मुलगा तिसरीत असताना संध्याकाळी माझ्याकडे येई. वही पाहिली तर मोत्यासारखे अक्षर. पानेच्या पाने इंग्रजी. मी म्हटले, 'वाच बरं.' तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, 'बाई, ते वाचायचं नसतं. ते लिहायचं असतं.'

वाचकहो, हे वाक्य ऐकल्यापासून मला घाईची चीड आहे. त्या पोराला इंग्रजी मिळाली नाही. मराठी तर त्याला कोणी दिलीच नव्हती. भाकरी म्हणून बापाच्या हातात भाकरीचे चित्र ठेवले, आणि त्याचे पैसे घेतले.

म्हणून सांगते, इंग्रजी हवीच. पण येणारी इंग्रजी हवी. वाचणे ही कला माणूस एकदाच शिकतो. जी भाषा कानात आहे तिच्यात ती आली, की पुढे फक्त अक्षरे बदलायची असतात. माझ्या पिढीने मराठी शाळांत पहिले इंग्रजी अक्षर पाचवीत पाहिले. त्या पिढीतले डॉक्टर आणि इंजिनिअर आज याच शहरात दवाखाने नि कारखाने चालवतात. तिसरीपासून इंग्रजी कानावर पडू द्या, गाणी-गोष्टी होऊ द्या. पाचवीपासून नेटाने वाचू-लिहू द्या, आणि तिला खरोखर इंग्रजी जाणणारा शिक्षक द्या. पाच वर्षे उत्तम शिकवलेली इंग्रजी ही तेरा वर्षे नक्कल केलेल्या इंग्रजीला भारी पडते.

सरकारला सांगणे एवढेच, की निर्णय थोडे करा आणि टिकवा. २०२३ साली पुस्तकांत वहीची कोरी पाने घातली, २०२५ साली ती काढली. एप्रिलमध्ये भाषा आणली, जूनमध्ये नेली. धोरण बदलायला तुम्हाला दोन महिने पुरतात, पण पहिलीचे वर्ष मुलाच्या आयुष्यात एकदाच येते. रामजन्माच्या आधी रामायण लिहिल्याची कथा आहे. आपल्याकडे पुस्तक छापल्यावर अभ्यासक्रम ठरतो की काय, अशी शंका येते. आणि महापालिकांना सांगणे, की सीबीएसईच्या शाळा तुम्ही काढल्यात, लोकांनी रांगा लावल्या, आनंद आहे. पण तीच खडू-फळ्याची काळजी आपल्या जुन्या मराठी शाळांच्या पहिलीला द्या. रांगा तिथेही लागतील.

आणि आई-बापांना? तुमच्यावर रागवायला मला जड जाते, कारण तुमची घाई मायेपोटी आहे. म्हणून एकच विनंती करते. पुढच्या खेपेला तुम्ही मुलाच्या प्रवेशासाठी कुठल्या शाळेत जाल, तेव्हा तिथली गार वाऱ्याची खोली, गणवेशाचा टाय आणि फाडफाड बोलणाऱ्या बाई पाहून दिपून जाऊ नका. खुर्चीवर नीट बसा आणि विचारा, 'पहिली संपेल तेव्हा माझे मूल स्वतः काय वाचू शकेल, ते मला दाखवा.' दुसरीच्या वर्गात जाऊन कोणत्याही मुलाकडून चार ओळी वाचून घ्या, आणि त्यांचा अर्थ विचारा. ज्या शाळेला हा प्रश्न आवडणार नाही, तिथून उठून या. फीच्या पावतीवर तुमचा जितका हक्क आहे, तितकाच या उत्तरावरही आहे.

तोवर हे चार दिवस तरी मुलांना मोकळे सोडा. हा अंक त्यांच्या हाती द्या. चित्रे बघतील, अडखळत दोन ओळी वाचतील, अर्थ विचारतील. फराळाचे हात पानांना लागले तरी रागावू नका.